रुमालाखालचा कीबोर्ड

आईच्या टायपिंग क्लासात प्रत्येकाने घरून एक मोठा रुमाल आणायचा, असा नियम होता. पंधरा दिवसांत बोटं जागेवर बसली की ती स्वतः तो रुमाल मशीनच्या बटणांवर पसरायची आणि हात खाली घालायला लावायची. बघून टाईप करणाऱ्याला ती टायपिस्ट मानतच नसे. नाशिक रोडच्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत नऊ मशीन होती. नऊही एकदम खडखडत असताना ती स्वयंपाकघरातून सांगायची, तिसऱ्या मशीनची रिबन अडकतेय, बघ. जाऊन पाहावं तर खरंच अडकलेली असायची. मला त्या कानांचा फार राग यायचा, कारण अभ्यास सोडून मी मशीनवर उगाच बोटं आपटायला लागले की तेही तिला बरोबर कळायचं.

पुढे मुलं कॉम्प्युटर क्लासला जायला लागली आणि आमच्या खोलीतली एकेक मशीन विकली गेली. शेवटी दोन उरली. आईकडे काम उरलं ते एका वकीलसाहेबांचं. दावे, प्रतिज्ञापत्रं, नोटिसा असं सगळं मराठीतलं काम ते आईकडेच पाठवायचे, कारण तिच्या कागदावर खाडाखोड नसायची. दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनी, गणपतीच्या सुमारास, ते स्वतः घरी आले. चहा घेतला, आईच्या कामाचं कौतुक केलं आणि मग म्हणाले, बाई, दिवाळीच्या सुट्टीनंतर मला सगळं सीडीवर लागेल, ऑफिसात दुरुस्त्या करता आल्या पाहिजेत. नाही जमलं तर काही हरकत नाही, दुसरीकडे सोय करतो. ते गेल्यावर आईने कपबश्या विसळल्या आणि दुसऱ्या मशीनवरही कापड टाकलं. माझ्या मात्र डोक्यात तिडीक गेली. पंचवीस वर्षं मुलांना शिकवलेल्या बाईची कोणी अशी सोय लावावी, हे मला सहन होईना.

मी तेव्हा नुकतीच कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून बाहेर पडले होते आणि अर्ध्या हळकुंडाने चांगली पिवळी झाले होते. मी शरणपूर रोडवरून एक असेंबल केलेला कॉम्प्युटर आणला, मॉनिटर रिक्षात मांडीवर घेऊन. मराठीची तयार सॉफ्टवेअर बाजारात होती, पण ती महाग आणि चोरून वापरणं मला पटत नव्हतं. मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून मी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकली. आईला म्हटलं, आठ दिवसांत चालू करून देते.

आठ दिवस पडदाच नीट करण्यात गेले. अक्षरं एवढी मोठी दिसत होती की एका ओळीत चार शब्द मावत. मोडेम तर त्या सिस्टीमला दिसतच नव्हता, त्यामुळे घरी इंटरनेट नाही. काही अडलं की बिटको चौकाजवळच्या सायबर कॅफेत जायचं, तिथे उत्तर शोधायचं, वहीत कमांड उतरवायची आणि घरी येऊन मारायची. उतरवताना एक टिंब राहिलं की पुन्हा कॅफे. कॅफेवाला मला बघितलं की न विचारता कोपऱ्यातली खुर्ची रिकामी करायचा. कॉम्प्युटरबरोबर आणलेला जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पितृपक्षात कधीतरी करकरला, तेव्हा आईने आतून विचारलं, "झालं का ग?" झालं नव्हतं. मराठी राहिलीच होती.

सिस्टीममध्ये मराठी कीबोर्ड होता, पण त्यातल्या अक्षरांच्या जागा टाइपरायटरपेक्षा सगळ्या वेगळ्या. मी दोन दुपारी बसून छोट्या कागदांवर अक्षरं लिहिली, कापली आणि प्रत्येक बटणावर चिकटवली. मोठ्या कौतुकाने आईला खुर्चीवर बसवलं. तिने कीबोर्ड पाहिला, उठून कपाटातला रुमाल आणला, बटणांवर पसरला आणि हात खाली घातले. पडद्यावर जे उमटलं ते वाचता येण्यासारखं नव्हतं.

"आई, ते दिवस गेले आता," मी म्हटलं. "बघून टाईप कर."

तिने रुमाल काढून त्याची घडी घातली. मग वाकून, एका बोटाने, एकेक अक्षर शोधायला लागली. मराठी चाळीसच्या, म्हणजे मिनिटाला चाळीस शब्दांच्या, परीक्षेला मुलं बसवणारी माझी आई पाटीवर गिरवणाऱ्या पोरासारखी बसली होती. स्वतःचं नाव लिहायला तिला किती वेळ लागला हे मी पाहिलं, आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं. नाव पूर्ण झाल्यावर ती म्हणाली, "हे माझ्याच्याने नाही होणार. तू वाईट वाटून घेऊ नकोस."

त्या रात्री मी ते सगळे कागद ओल्या फडक्याने खरवडून काढले. आईची बोटं बदलणार नव्हती, तर कीबोर्ड बदलायचा. कॅफेतल्या शोधात एवढं कळलं होतं की एका साध्या फाइलीत ओळीओळीने लिहिता येतं, हे बटण दाबलं की हे अक्षर. पण टाइपरायटरवर कुठलं अक्षर कुठे आहे हे मी आईला विचारलं, तर तिला सांगता येईना. ळ कुठे? तिने डोळे मिटले, हवेत बोट हललं, आणि म्हणाली, असं तोंडी नाही सांगता येत ग. मशीनवरची अक्षरं तर कधीच पुसून गेली होती, तिला त्याचा काही फरक पडला नव्हता. मशीनवर तिची बोटं इतकी झरझर पडायची की कुठल्या क्रमाने पडली ते टिपता येईना. मग आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो. मी तोंडाने शब्द सांगायचे, ती मोकळ्या टेबलावर बोटं मारायची, आणि कुठलं बोट कुठे पडलं ते मी वहीत मांडायचे. टाळ, गूळ, सकाळ, सोहळा. माझ्या आठवणीत तिच्या इतक्या जवळ मी शाळेत असतानाच बसले असेन. तिच्या बोटांची टोकं चपटी झालेली होती, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढचं काम किचकट होतं. टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारतात, अक्षर मागून. कॉम्प्युटरला ते उलटं हवं होतं. बरीचशी अक्षरं मशीनवर अर्धी असतात आणि काना दिल्यावर पूर्ण होतात, तेही त्याला समजावून द्यायचं होतं. वेलांटी आली तर थांब, पुढचं अक्षर येऊ दे, असं फाइलीत लिहिता लिहिता मला दोनदा रडू आलं आणि एकदा मी वही भिंतीवर फेकली. आईने ती उचलून टेबलावर ठेवली. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मात्र ती रुमालाखाली हात घालून बसली आणि एक अख्खा परिच्छेद सरळ उमटला. मी तिला मिठीच मारली.

खंडेनवमीला आमच्याकडे दरवर्षी मशीनची पूजा व्हायची. त्या वर्षी आईने दोन मशीन आणि कॉम्प्युटर शेजारी मांडले. हळदकुंकू, झेंडूची फुलं, वर अक्षता. दसऱ्याच्या दिवशी दुपारी ती टाईप करायला बसली आणि काना येईना. दहातला एखादा यायचा, बाकीची अक्षरं तशीच लंगडी राहायची.

"बटण खाली जात नाहीये," ती म्हणाली. "आवाज वेगळा येतोय त्याचा."

मी म्हटलं, "बटणाचं काही नाही. प्रोग्राम आहे तो, तुला नाही समजायचं."

काना हाच माझा सगळ्यात अवघड नियम होता, त्यामुळे चूक तिथेच असणार याबद्दल मला शंका नव्हती. दोन दिवस मी फाइल उलटीपालटी केली. नियम पुसले, नवे लिहिले, कॅफेत जाऊन परदेशातल्या अनोळखी लोकांना प्रश्न विचारले. आधीच्या फाइलीची प्रत ठेवायचं सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी मी आंघोळीहून आले तर आईने टेबलावर रुमाल अंथरला होता. तिने कीबोर्ड उचलला, त्यावर पालथा धरला आणि तळव्याने दोनदा थोपटला. फुलाची एक पाकळी पडली. मग कुंकू लागलेला तांदळाचा एक दाणा पडला.

मशीनवर टाकलेल्या अक्षता आतून खाली टेबलावर गळतात. कीबोर्डला तळ असतो, हे आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. मी खाली मान घालून म्हटलं, "आई, चुकलं माझं. तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस." ती म्हणाली, "अक्षता तर मीच टाकल्या ना." आणि भाजी चिरायला गेली.

मी मोडून ठेवलेली फाइल वहीवरून पुन्हा उभी केली. या वेळी ती शेजारी बसून टेबलावर बोटं मारत होती आणि मी मध्ये बोलत नव्हते. दिवाळीनंतर कोर्ट उघडलं तेव्हा वकीलसाहेबांना पहिली सीडी वेळेवर गेली, आणि संध्याकाळी त्यांचा माणूस पुढचे कागद घेऊन आला. आईने ते छातीशी धरून आत आणले. मला ते अजून डोळ्यांसमोर दिसतं.

पुढच्या खंडेनवमीला तिने ताट तयार केलं. अक्षता चिमटीत घेऊन ती कीबोर्डजवळ गेली आणि थांबली. मला म्हणाली, "याच्यावर नको. तू हात पुढे कर." माझ्या दहाही बोटांना तिने हळदकुंकू लावलं आणि अक्षता ओंजळीत टाकल्या. मी त्या देव्हाऱ्यात ठेवल्या, ताट तिच्या हातातून घेतलं आणि म्हटलं, आता तू कर. ती नको नको म्हणत होती. मी तिचा उजवा हात धरला आणि करंगळीपासून सुरुवात केली.