खवट दाणा

नागावच्या किनाऱ्यावर एक बाई भाजलेल्या शेंगा विकते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. पाटीतल्या शेंगा गरम राहाव्यात म्हणून वर निखाऱ्यांचं छोटं मडकं ठेवलेलं असतं. पुड्या रद्दीच्या कागदांच्या. त्यात कुणाच्या आधारकार्डाची झेरॉक्स आली, की ती फोटोचा आणि नंबराचा तुकडा फाडून निखाऱ्यांवर टाकते, मगच पुडी करते.

काल मी हसून म्हटलं, "मावशी, कशाला एवढा खटाटोप? आजकाल सगळ्यांचं सगळं उघडंच असतं."

"असंल. पन लोकं शेंगा खातात नि पुडी वाळूत टाकतात. मंग कोनाच्या तरी पोरीच्या तोंडावर पाय पडतो."

शेंगा खाता खाता मी पुडी उलगडली. फाटलेल्या कडेशी माझंच अक्षर होतं: 'खोली दोन'. माझ्या होमस्टेत उतरणाऱ्यांच्या झेरॉक्स मीच मागून घेतो, आणि मोसम सरला की सगळा गठ्ठा रद्दीवाल्याला देऊन टाकतो.

माझा चेहरा पाहून तिनं विचारलं, "काय झाला? दाना खवट निघाला?"

मी हो म्हणालो. तिनं आणखी मूठभर शेंगा माझ्या हातावर ठेवल्या.