दुभाजकाजवळची म्हैस
आज दिवाळीचा पाडवा, आणि सकाळपासून सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली धडधडत आहेत. बाळांनो, आपल्या कोल्हापुरात या दिवशी म्हशी सजवून पळवतात. मालक गाडीवर पुढे, आणि त्याच गाडीचा आवाज ओळखून म्हैस मागे. अशीच एक शिंगे रंगवलेली म्हैस काही वर्षांपूर्वी मला जयसिंगपूरच्या रस्त्यावर दिसली. गळ्यात तुटलेले दावे, अंगाला ओल्या पेंडीचा वास, आणि दोन्हीकडून भरधाव वाहने. मी मोटार कडेला घेतली, दिवे लुकलुकते ठेवले आणि हात उंचावून आमच्या बाजूची वाहने थांबवली. "पावणं, हॉर्न मारू नगा की, बुजंल ती!" चहाटपरीवाला थांबलेल्या गाडीवाल्यांना ओरडला. त्याने म्हैस ओळखली होती. तिच्यामागे कोणी धावू नका, मालकाला बोलवा, असे मी बजावले आणि त्याने फोन लावला. म्हैस दुभाजकाजवळ उभी राहून रवंथ करू लागली. मालक आला तो मोटारसायकलवरून, पलीकडच्या बाजूने, जिथे वाहने कोणीच थांबवली नव्हती. म्हशीने कान टवकारले आणि दुभाजक ओलांडून ती त्याच्याकडे धावत सुटली. त्या बाजूने येणाऱ्या ट्रकवाल्याला ब्रेक दाबायलाही अवधी मिळाला नाही. मालक तिचे डोके मांडीवर घेऊन रस्त्यातच बसला. "माझ्याकडंच येत हुती की वो, बाई," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. चालत या, असे त्याला सांगायचे मला सुचले नव्हते. आजी, तू गाडी चालवणे का सोडलेस, असे तुम्ही विचारता तेव्हा मी डोळ्यांचे कारण सांगते. माझे डोळे अजून चांगले आहेत.