रामफळाचं गाऱ्हाणं

माझ्या वडिलांचा माणसांवर विश्वास होता, पाखरांवर नव्हता.

त्याला कारण आमच्या परड्यातलं रामफळाचं झाड. आई शिरोड्याची. तिच्या माहेरचं रामफळ रस्ता रुंद करताना तोडलं, तेव्हा ती दोन दिवस नीट जेवली नव्हती. त्याच्या शेवटच्या फळातल्या बिया बाबांनी गुपचूप रुमालात बांधून मालवणला आणल्या. त्यातली एकच रुजली. सात वर्षं तिला पाणी, शेणखत आणि आईचं प्रेमळ बोलणं मिळालं (मला लहानपणी याच्या निम्मंही मिळालं नव्हतं), आणि मग एका वर्षी शिमग्याच्या तोंडावर झाडाला फळं धरली. मोजून पाच!

पहिलं बुलबुलांनी पोखरलं. दुसरं वटवाघळाने नेलं, तिसरं खारीने. चौथं एका माकडाने तोडलं, एक चावा घेतला आणि पसंत न पडल्यासारखं आमच्याच कौलांवर फेकलं! आई एवढंच म्हणाली, "ऱ्हवांदे आता. माझ्या नशिबात नाय ता." ते ऐकून बाबांचा चेहरा उतरला. पाचवं फळ काहीही करून तिच्या तोंडी पडलंच पाहिजे, असं आम्ही बापलेकांनी ठरवलं.

मी कुडाळहून रजा टाकून आलो. आधी बुजगावणं उभं केलं, त्याला माझा लग्नातला शर्ट घातला. बुलबुल त्याच्या खांद्यावर बसून पुढचे बेत आखू लागले. मग जुन्या सीडी टांगल्या. माकडाने त्यात तोंड पाहिलं आणि केस सारखे केले! शेवटी शेजारचा पास्कूमामा आपलं जुनं मासेमारीचं जाळं घेऊन आला. "ह्या जाळ्यातसून सुरमय सुटाक नाय, तुझो बुलबुल काय सुटतलो!" असं म्हणत त्याने अख्ख्या झाडाला जाळं पांघरलं.

बाबांचं तेवढ्याने समाधान होईना. आमच्याकडे प्रत्येक जागेला तिचा राखणदार असतो. त्याच्यापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, मग पुढचं तो बघतो. आणि बाबांचं गाऱ्हाणं म्हणजे वकिलाने लिहावं तसं, कुठे फट नाही.

"बा राखणदारा म्हाराजा! ह्या फळाक जो कोण हात, पाय, चोच लावीत, मग तो दोन पायांचो असो, चार पायांचो असो, नायतर पंखांचो असो, तेका थयच्या थय अडकवून ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज पास्कूमामाचा. (रविवारी चर्चमध्ये त्याचा एवढा लागत नाही.)

दोन दिवस गेले. माझी रजा संपत आली. फळ बाबाच उतरवणार, असा हुकूम होता. पण खरं सांगायचं तर आईच्या हातात ते मला द्यायचं होतं. झाड बाबांनी दिलं, निदान फळ तरी मी! दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी जाळ्याखाली शिरलो, वर चढलो आणि फळ तोडलं. उतरायला वळलो तर शर्टाचं बटण अडकलं. ते सोडवताना घड्याळ अडकलं. घड्याळ सोडवताना चष्मा, आणि चष्म्याबरोबर कान!

फांद्या हलताना पाहून बाबा काठी घेऊन धावत आले. "गावलो! गावलो!" मग त्यांनी वर नीट बघितलं. "मेल्या, तू?"

"बाबानू, कातर हाडा!"

"माझा जाळा कापशात तर खबरदार!" कुंपणापलीकडून पास्कूमामा ओरडला.

"कातर कशाक?" बाबा गंभीरपणे म्हणाले. "राखणदारान धरलेल्याक मी कसो सोडवू? आधी गाऱ्हाना घालूक व्हया."

"अहो, मी तुमचो झील!"

"ता तेका काय ठावक? मी सांगूक इसारलंय."

आणि ते शांतपणे नारळ सोलायला बसले! तेवढ्यात आई आली. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिची नजर माझ्या मुठीवर. "झिला, फळ सोडू नको हां!" कौलांवर माकड येऊन बसलं होतं. हाताला मुंग्या आल्या, पण मूठ सोडली नाही. गाऱ्हाणं झालं, आईने खाली पदर पसरला, तेव्हा कुठे फळ सोडलं. ते अलगद पदरात पडलं. मग त्यांना माझी आठवण झाली.

फळ चार दिवस तांदळात पिकत ठेवलं. मी ऑफिसात फोन करून रजा वाढवली. कारण सांगितलं, "अडकलोय." पहिली फोड राखणदाराला, दुसरी आईला. तिने डोळे मिटले आणि माहेरच्या झाडाचीच चव लागल्यासारखी स्वतःशी म्हणाली, "घरचाच गो बाय." मग ती रडली. बाबा उगाच माडांकडे बघत राहिले.

आज बाबा नाहीत. झाडाला टोपलीभर फळं लागतात, पाखरांनी खाऊनही आम्हाला पुरतात. गाऱ्हाणं दर शिमग्याआधी मीच घालतो, बाबांच्याच शब्दांत. फक्त शेवटी माझ्या पदरचं एक वाक्य जोडतो, "घरच्या माणसाक मात्र सोड रे म्हाराजा!"