स्क्रीन वळवणाऱ्या काकू

काकूंना कामावरून कमी केलं तो मंगळवार होता. दुपारचे साडेतीन वाजले होते. बुओना व्हिस्टाच्या आमच्या ऑफिसातल्या लहान मीटिंग रूममध्ये आम्ही तिघं होतो: काकू, आमची फील्ड मॅनेजर आणि मी. काकूंनी टॅबलेट, गळ्यातलं ओळखपत्र आणि ऑफिसची निळी छत्री टेबलावर ठेवली. पिशवी रिकामी करताना कोरड्या मोज्यांचा एक जोड बाहेर आला, तो त्यांनी परत आत टाकला. तो त्यांचा स्वतःचा होता.

आमची संस्था लोकांची मतं गोळा करते आणि काकू तिच्यासाठी घरोघरी जाऊन मुलाखती घेत. साठीच्या आसपासच्या, मूळच्या ठाण्याच्या. नवऱ्याच्या हार्बरफ्रंटमधल्या नोकरीमुळे या देशात, क्लेमेंटीत आल्या आणि तिथल्याच झाल्या. मुलाखती घेणाऱ्यांत मराठी त्या एकट्याच, पण चिनी आणि मलय मुलीही त्यांना काकूच म्हणत. त्यातल्या काहींना ते आडनाव वाटे. मोजे पावसासाठी असत. इथे घरात शिरताना चपला-बूट बाहेर काढतात. काकू दारात ओले मोजे उतरवून कोरडे घालत आणि मग आत जात. "आपण न बोलावता आलेले," त्या म्हणत, "निदान त्यांची फरशी तरी ओली करू नये."

मी पुण्यात एका वर्तमानपत्रात नऊ वर्षं उपसंपादक होतो. इथे माझ्याकडे अहवाल लिहिणं आणि मुलाखतींची फोनवरून पडताळणी अशी दोन कामं होती. काकू मला संपादक म्हणत. "काय संपादक, आज काय कापलंत?" हा त्यांचा नमस्कार होता. मी काहीतरी कापलेलं असेच.

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मला त्यांच्याबरोबर क्लेमेंटीतल्या एका ब्लॉकमध्ये पाठवलं. सर्वेक्षण एका परदेशी विद्यापीठाचं होतं. सरकारवर, न्यायालयांवर, वर्तमानपत्रांवर तुमचा किती विश्वास आहे, एक ते चारमध्ये सांगा, चार म्हणजे सर्वांत जास्त. अशा प्रश्नांनी इथे कुणी दार आपटत नाही. लोक हसतात, सगळं उत्तम आहे म्हणतात आणि घड्याळाकडे बघतात. नवव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी काकूंचा प्रश्न पुरा होऊ दिला नाही.

"आंटी, एव्हरीथिंग गुड लाह. यू जस्ट टिक."

"अंकल, आय हॅव नॉट आस्क येट," काकू म्हणाल्या. "यू आन्सर सो फास्ट, माय बॉस थिंक आय स्लीपिंग अ‍ॅट होम."

गृहस्थ हसले. मग काकूंनी त्यांची ती नेहमीची गोष्ट केली. टॅबलेटची स्क्रीन त्यांच्याकडे वळवली, कुठे बोट लावायचं ते दाखवलं आणि स्वतः खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसल्या. नियमाप्रमाणे नुसती स्क्रीन वळवली तरी चालत असे. बाकीच्या मुली तेवढंच करत आणि तोवर फोन बघत. भिंतीपाशी माशांची काचपेटी होती. काकू मासे बघत राहिल्या. मीही खुर्ची वळवली. प्रश्न फक्त सहा होते, पण म्हातारबुवांनी बराच वेळ घेतला. मधेच त्यांनी विचारलं, "यू रिअली कॅनॉट सी, आह?"

"कॅनॉट, अंकल. यू फिनिश, इट लॉक. मी ऑल्सो कॅनॉट."

हे खरं होतं. उत्तरं पुरी झाली की तो भाग कुलूपबंद होई आणि काकूंना पुन्हा दिसत नसे. ऑफिसात आम्हाला दिसत असे.

लिफ्टमध्ये मी विचारलं, "काय दिलं असेल हो त्यांनी उत्तर?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "हे पुन्हा विचारायचं नाही, संपादक. मी तुमच्या वयाच्या मुलांना लिफ्टमधून बाहेर काढलंय."

एकदा ऑफिसखालच्या हॉकर सेंटरमध्ये जेवताना मी त्यांनाच विचारलं, की सरकारवरच्या विश्वासाला तुम्ही स्वतः किती गुण द्याल. "मला कुणी स्क्रीन वळवून दिली तर देईन," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही?"

"चार," मी म्हणालो.

"बघा. तो नववा मजला आठवतो ना, तो हाच. प्रश्न संपायच्या आत." आणि माझ्या ताटातला पापड उचलून त्यांनी खाल्ला.

पडताळणीची पद्धत साधी आहे. काही घरांना फोन करायचा. आमच्याकडून कुणी आलं होतं का, साधारण किती वेळ बसलं, घरात माणसं किती, एवढं विचारायचं. मतांबद्दल एक शब्दही काढायचा नाही. मुलाखत झालीच नाही असं घरच्यांनी सांगितलं, तर मुलाखत घेणाऱ्याने ती घरी बसून भरली असं धरतात. त्या माणसाचं सगळं काम बाद होतं.

काकूंच्या यादीतल्या एका माणसाला मी फोन केला तेव्हा माझे बरेच फोन शिल्लक होते आणि यादी संध्याकाळपर्यंत द्यायची होती. माणूस आठवत नाही म्हणाला. कुणी आलं असेल, बायकोला विचारावं लागेल. त्याला आठवावं म्हणून मी समोरच्या पडद्यावरचं वाचून दाखवलं: सरकारवरच्या विश्वासाच्या प्रश्नाला तुम्ही सर्वांत कमी गुण दिले होते, ती मुलाखत.

त्याने मागचा टीव्ही बंद केला. "माझ्या घरी कुणीही आलं नव्हतं," तो म्हणाला. "मी काहीही उत्तर दिलेलं नाही. पुन्हा फोन करू नका."

मी फॉर्मवर 'मुलाखत झाल्याचा इन्कार' या चौकटीत खूण केली. खाली शेऱ्यासाठी चार ओळी होत्या. त्या कोऱ्या ठेवल्या. त्याच महिन्यात माझ्या एम्प्लॉयमेंट पासच्या, म्हणजे इथे नोकरी करायच्या परवान्याच्या, नूतनीकरणाचे कागद मॅनेजरच्या टेबलावर होते आणि मुलगी इथल्या शाळेत दुसरीत होती. ही कारणं मी तेव्हा स्वतःला दिली होती. चूक सांगितली असती तर पास गेलाच असता, असं मला कुणीही म्हटलेलं नव्हतं.

मंगळवारी मॅनेजरने काकूंना एवढंच सांगितलं, की एका घराने इन्कार केला आहे.

"कुठला ब्लॉक?" काकूंनी विचारलं. मग लगेच हात वर केला. "नको, सांगू नका. मला कळता कामा नये."

मॅनेजरलाही ते कठीण जात होतं. काही खुलासा असेल तर द्या, असं तिने त्यांना दोनदा म्हटलं. ब्लॉक माहीत नसताना देण्यासारखा खुलासा काकूंकडे नव्हता. मग मॅनेजरने मला विचारलं, फोन ठरलेल्या मजकुराप्रमाणेच झाला ना. मी हो म्हटलं.

काकू माझ्याकडे वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, "संपादक, तो माणूस घाबरलेला वाटला का हो? त्याचं उत्तर कुणी काढून बघितलं नाही ना?"

"नाही, काकू."

"मग झालं," त्या म्हणाल्या. "विसरला असेल बिचारा." इंग्रजीत त्यांनी मॅनेजरला सांगितलं, की नियम बरोबर आहे आणि तो सगळ्यांना सारखाच असायला हवा. मग त्यांनी छत्री टेबलावर ठेवली. बाहेर पाऊस होता. मी एमआरटी स्टेशनपर्यंत सोडायला येतो म्हणालो, तर म्हणाल्या, "तुम्ही बसा. तुमचं कापायचं राहिलं असेल."

त्या फेरीतल्या त्यांच्या सगळ्या मुलाखती बाद झाल्या. नवव्या मजल्यावरच्या गृहस्थांसारखी माणसं, ज्यांनी वेळ घेऊन उत्तरं दिली होती, आकड्यांतून गेली. उरलेल्या आकड्यांवर मी अहवाल लिहिला. 'उत्तरदात्यांना गोपनीयतेची हमी देण्यात आली होती' हे पद्धतीच्या प्रकरणातलं वाक्य माझं आहे. ते कुणी कापलं नाही.

माझा पास दोन वर्षांसाठी वाढला. चार महिन्यांनी काकू आणि त्यांचे यजमान क्लेमेंटीचा फ्लॅट विकून ठाण्याला परत गेले. निरोपाचं जेवण ऑफिसातल्या मुलींनी ठेवलं होतं. मला काम आहे असं मी कळवलं. काम नव्हतं.

गेल्या महिन्यात त्यांचा संदेश आला. "संपादक, नव्या मुलींना जादा मोजे ठेवायला सांगता ना? आणि एक विचारायचं राहिलं. त्या माणसाला नंतर कुणाचा त्रास झाला नाही ना? मनात राहिलंय."

मी तो वाचल्याच्या दोन निळ्या खुणा त्यांना तिकडे दिसत असतील. उत्तर गेलेलं नाही.