श्रावणात घातलेली अंडी

अंड्यांच्या बाबतीत आमचं घर स्वयंपूर्ण करायचं, हा निर्णय मी एकट्याने घेतला. डोंबिवलीत तळमजल्याचा फ्लॅट आणि मागे थोडी मोकळी जागा (चार कुंड्या ठेवल्या की संपते, पण बिल्डरने तिला गार्डन म्हटलेलं) असली की माणसाला असलं काहीतरी सुचतं. मी आंबिवलीच्या पलीकडच्या एका गावातून तीन गावठी कोंबड्या आणल्या.

बायको म्हणाली, "अहो, नाक्यावर अंडी मिळतात."

"त्याला अंडी म्हणत नाहीत. ताजं अंडं काय असतं, ते तुला कळेलच."

एवढ्यावर थांबलो असतो तर अब्रू वाचली असती. पण मी ठाण्याला फोन लावला. तिथे माझे साडू सतीशराव बाविसाव्या मजल्यावर राहतात. त्यांच्याकडे स्विमिंग पूल आहे, क्लबहाऊस आहे आणि ते आपल्याकडे नाही याची आठवण करून द्यायची चिकाटीही आहे. त्यांच्याकडे नसलेली वस्तू आयुष्यात प्रथमच माझ्याकडे आली होती. "गणपती झाले की रविवारी नाश्त्याला या," मी म्हणालो. "घरच्या अंड्यांचं ऑम्लेट!"

कोंबड्यांनी आषाढभर दाणे खाल्ले, बायकोची कोथिंबीर खाल्ली, तुळस उकरली. अंडं मात्र दिलं नाही. पहिलं अंडं पडलं ते श्रावणाच्या पहिल्या दिवशी. मी ते ओंजळीत धरून आलो, तर दारात आई.

"श्रावण लागलाय. ते घरात आणायचं नाही."

"खायचं नाही गं, नुसतं फ्रिजमध्ये ठेवतो."

"फ्रिजमध्ये माझं उपासाचं असतं."

"मग आणू कधी?"

"गौरी-गणपती गेले की आण."

"कोंबड्यांना सांगून बघा," बायको आतून म्हणाली. "तोवर थांबतील."

त्या कसल्या थांबतात? आषाढातली कसर भरून काढत त्या रोज अंडी घालू लागल्या. शेजाऱ्यांना द्यावीत, तर त्यांचाही श्रावण. शेवटी मी डोकं चालवलं (हीच खोड नडते) आणि अंडी कोंबड्यांखालीच राहू दिली. म्हटलं, अंड्याला कोंबडीइतकी सुरक्षित जागा दुसरी कुठली?

आठवड्याभरात पहिली कोंबडी त्या ढिगावर जी बसली, ती उठेचना. हात घातला की चोच मारायची. आईने लांबूनच निदान केलं. "खुडूक बसली ती. अंड्यांचा ढीग दिसला की बसायच्याच उबवायला. आता अंडं विसर."

"अगं, पण कोंबडा नाही आपल्याकडे. पिल्लं होणार कुठून?"

"ते तिला सांग."

तिचं बघून दुसरी बसली, मग तिसरी. गणपती आले, गेले. तिघी बसलेल्याच. खालची अंडी तर फोडून बघायची हिंमत कुणात नव्हती. आणि सतीशरावांचा फोन आला, "उद्या येतोय हं आम्ही."

आता बाविसावा मजला मला जन्मभर ऐकवणार होता. संध्याकाळी मी मानपाड्याच्या नाक्यावरून गुपचूप अंडी आणली. बायकोने पिशवीत डोकावून पाहिलं.

"पांढरीफेक आहेत. गावठी म्हणून कोण खपवून घेईल?" असं म्हणून तिने शांतपणे कडक कोरा चहा उकळला. तो गार झाल्यावर अंडी त्यात बुडवली, छान बदामी झाली. एका अंड्याला मी मागच्या अंगणातलं पीस चिकटवलं. (कलेत कसूर नको.)

सतीशरावांनी तीन ऑम्लेटं खाल्ली. "वा दिनेशराव! बाजारच्या अंड्याला ही चव नाही."

"नसणारच," आई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

मी जिंकलो होतो. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला. "आमच्याकडे सगळं आहे हो, पण हे नाही. दर रविवारी डझनभर पाठवत जा."

तेव्हापासून दर शनिवारी मी नाक्यावर जातो, चहा उकळतो, अंडी रंगवतो आणि ठाण्याला पाठवतो. कोंबड्या अधूनमधून उठतात, मनात आलं तर एखादं अंडं देतात आणि पुन्हा खुडूक बसतात. या घरात नेमाने अंडी देणारा मी एकटाच.