इचलकरंजी आणि हामामात्सू

लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे मी जर्मनीत कार्ल्सरूहेला आले आणि पहिल्याच हिवाळ्यात जर्मनच्या क्लासला जाऊ लागले. शेजारी सत्तरीचे एक जपानी गृहस्थ बसायचे. ते लेकीकडे नात सांभाळायला आले होते. नात त्यांच्याशी जर्मनच बोलायची, म्हणून या वयात शिकायला लागले होते. मनातल्या मनात मी त्यांना काका म्हणायचे.

एकदा बाईंनी काम दिलं: शेजाऱ्याला त्याच्या शहराबद्दल विचारा आणि पुढच्या तासाला तेच शहर वर्गाला सांगा. काकांचं शहर हामामात्सू, तोक्यो आणि ओसाकाच्या मधलं, समुद्राकाठचं. माझं इचलकरंजी. बाईंना माझ्या गावाचं नाव काही केल्या म्हणता येईना, तेव्हा काका पहिल्यांदा मोकळे हसले.

क्लास सुटल्यावर आम्ही बेकरीत कॉफी घेऊन बसलो. आधी किल्ला होता, काका सांगू लागले, मग त्याच्याभोवती गाव वसलं आणि गावात कापड विणायला लागले. 'माग' या शब्दापाशी मात्र गाडी अडली. जर्मनमध्ये तो दोघांनाही येत नव्हता. काकांनी हात पुढे-मागे केले आणि म्हणाले, "गाचान, गाचान!"

मी जवळजवळ ओरडलेच, "खटक-खटक! आमच्या गल्लीत! दिवसभर!"

"या, या! गेनाऊ!" हो, हो, अगदी तेच, म्हणत काकांनी टेबलावर थाप मारली. बेकरीवाली वळून बघायला लागली.

मग पुढचं शहर भराभर उभं राहिलं. युद्धात ते बरंचसं जळालं. काका तेव्हा आईच्या पाठीवर होते. नंतर माग पुन्हा सुरू झाले, आई तिथेच कामाला लागली. कुणी सायकलला इंजिन बसवलं, त्यातून मोटरसायकलींचे कारखाने निघाले. पियानोही तिथेच बनायचे. काका जन्मभर पियानोच्या कारखान्यात लाकूडकामावर होते. पुढे ब्राझीलहून कामगार आले, त्यांची दुकानं आली, भातशेतीच्या जागी घरं झाली.

"आणि माग?" मी विचारलं.

"थोडे राहिलेत. आमची गल्ली आता शांत आहे." त्यांनी कप खाली ठेवला. "फार शांत."

पुढच्या तासाला मी हामामात्सू सांगितलं, अडखळत, पण सगळं. काकांनी इचलकरंजी सांगितली. दुपारी लाइट गेली की माग बंद पडायचे आणि त्या शांततेनंच आम्हाला जाग यायची, हे मी त्यांना सहज बोलले होते. तेही त्यांनी सांगितलं. ते परक्या भाषेत, परक्या माणसाच्या तोंडून ऐकताना मला घर सोडून आल्यावर पहिल्यांदा रडू आलं.

नात शाळेत जायला लागली तसे काका परत निघाले. जाण्याआधी तिला घेऊन आमच्याकडे जेवायला आले. तिनं माझ्याकडे बघत जर्मनमध्ये विचारलं, "आजोबा, ही कोण?"

काकांनी तिच्या ताटात आणखी एक पुरी वाढली.

"आपल्या गावाकडची आहे," ते म्हणाले.