काकांच्या पिस्तुलाची नोंद

ऑगस्टमधला तिसरा शनिवार, सकाळचे साडेनऊ. हजर: दुकानाचे मालक, ज्यांना सगळे बॉस म्हणतात; एन्सिक; काका; मी. गैरहजर: गिऱ्हाईक.

शेवटची नोंद बॉसनी मुद्दाम लिहायला लावली. "मॅडम, नीट लिहा. सात महिने एकही बंदूक विकली गेलेली नाही. निदान वहीत तरी गिऱ्हाईक दिसू दे."

दुकान म्हणजे एका नेमबाजी क्लबच्या आवारातली दहा बाय बारा फुटांची खोली. खिडकी नाही. काउंटरच्या मागे छर्ऱ्यांचे डबे, हातमोजे, जाड कॅनव्हासची जाकिटं, टार्गेटच्या कागदांचे गठ्ठे. कुलूप लावलेल्या काचेच्या कपाटात चार एअर रायफली आणि दोन एअर पिस्तुलं. समोर चार प्लास्टिकची स्टुलं. सिंगापूरमध्ये कोणी बंदूक विकत घेऊन ती पिशवीत घालून बसने घरी नेत नाही. इथे विकलेलं हत्यार मागच्या लोखंडी दारातून थेट क्लबच्या आर्मरीत जातं आणि कायम तिथेच राहतं. ज्याचं असेल त्याने शनिवारी यायचं, सही करून ते काढायचं, रेंजवर चालवायचं, पुसायचं आणि पुन्हा सही करून आत ठेवायचं. एन्सिक याला तुरुंगातली भेट म्हणतात.

एन्सिक सैन्यातून निवृत्त झालेले तमिळ गृहस्थ. वॉरंट ऑफिसरला इथल्या सैन्यात मलय भाषेतली हीच हाक मारतात, आणि ती निवृत्तीनंतरही सुटत नाही. शनिवारी ते आर्मरीच्या खिडकीवर मदत करतात, उरलेला वेळ दुकानात बसतात. गाड्यांचे परवाने किती महागले आणि आजकालची मुलं टार्गेटऐवजी फोनकडे कशी बघतात, हे त्यांचे कायमचे विषय. दोन्हींवर बॉस त्यांच्या विरुद्ध बोलतात. पटत नसतं म्हणून नाही. तेवढाच वेळ जातो.

माझी मुलगी शाळेच्या रायफल टीममध्ये होती, तेव्हा मी तिला टॅम्पिनीसहून घेऊन यायचे आणि तिचा सराव होईपर्यंत याच दुकानात थांबायचे. नुसतं बसणं मला जमत नाही. क्लबच्या शनिवारच्या नोंदवहीची अवस्था पाहून मी ती हातात घेतली, स्तंभ आखले, जुने कागद क्रमांकाने लावले. क्लबने मला 'स्वयंसेवक पालक' असा बिल्ला दिला. पुढे मुलगी युनिव्हर्सिटीत गेली आणि आपली रायफल टीममधल्या एका मैत्रिणीच्या नावावर करून मोकळी झाली. "मम्मी, मी सोडलं, तू का नाही सोडत? नोबडी आस्क्ड यू, लाह," असं ती आजही इथल्या इंग्रजीत म्हणते. खरं आहे. पण वही कोणाकडे द्यायची हे ठरलं नाही, म्हणून बिल्ला राहिला, आणि बिल्ला राहिला म्हणून मी राहिले.

आता काका. नात्यातले नव्हेत, मराठी म्हणून काका. जहाजावर इंजिनिअर होते, इथल्या बंदरात उतरले ते इथलेच झाले. आंग मो किओला मुलाच्या कुटुंबाबरोबर राहतात. त्यांनी आपलं पिस्तूल या दुकानातच घेतलं, बॉसचे वडील गल्ल्यावर बसायचे तेव्हा. गेल्या वर्षीच्या जुलैपासून त्यांचा उजवा हात थरथरतो. बॉस त्यांना चहा अर्धाच कप देतात. बाकीच्यांना भरून.

क्लबचा नियम असा: ज्याचं हत्यार वर्षभर चाललं नाही, त्याने ते परत करायचं. परत केलं की सभासदत्व संपतं, आणि सभासद नसलेल्याला फाटकावरचा रखवालदार आत सोडत नाही. वर्ष ऑगस्टअखेर मोजतात. वर्षाचा तक्ता मी करते, महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत पाठवते आणि खाली सही करते.

त्या शनिवारी काकांनी स्टूल माझ्या टेबलाजवळ ओढलं. बॉस आणि एन्सिक हातभर अंतरावर होते, पण या खोलीत मराठी म्हणजे दार लावून घेतल्यासारखी असते.

"अगं, तो परत करायचा फॉर्म तुझ्याकडे असतो ना?"

"असतो. कोणासाठी हवाय?"

"माझ्यासाठी. भरून ठेव. सही मी करेन, जमेल तशी."

मी पेन खाली ठेवलं. "काका, आजचा धरून अजून दोन शनिवार आहेत."

"दोन शनिवारात हात सुधारतो होय? पत्र येऊन काढून नेण्यापेक्षा आपण होऊन दिलेलं बरं. जहाजावरसुद्धा मी हाकलल्यावर उतरलो नव्हतो."

"मग शनिवारी जाणार कुठे?"

"लायब्ररीत. एसी असतो, वर्तमानपत्र असतं. सूनबाई खूश होईल, तिला वाटतं मी इथे कोणाला तरी गोळी घालून बसेन." हसले. मग लगेच गंभीर झाले. "या दोघांना सांगायचं नाही. एन्सिक रडेल, आणि मला ते बघायचं नाही. शब्द दे."

मी दिला. इतक्या पटकन द्यायला नको होता.

काका आपलं पिस्तूल काढायला, हल्ली नुसतं पुसायला, आर्मरीच्या रांगेत उभे राहायला गेले. मी फाइल उघडली. फॉर्म भरण्याआधी वर्षाच्या नोंदी बघायच्या, ही माझी पद्धत. टार्गेटच्या कागदावर नाव नसतं, आर्मरीतल्या कपाटाचा क्रमांक असतो. संध्याकाळी पंचवीस-तीस कागद येतात. मी क्रमांक वहीशी ताडते, कोपऱ्यात सही करते, पुढचा घेते. काकांच्या क्रमांकाखाली एकही कागद नसणार अशी माझी खात्री होती.

तीन निघाले. मार्च, मे, जून. तिन्हींवर माझी सही.

नेम सुरेख होता, बहुतेक छर्रे काळ्या वर्तुळात. पण भोकं फाटकी होती. काका चपट्या तोंडाचे छर्रे वापरतात. त्या छर्ऱ्यांनी कागदाला पंच मशीनने पाडल्यासारखं स्वच्छ गोल भोक पडतं. गोल तोंडाचे स्वस्त छर्रे कागद फाडून जातात. ते या क्लबात हट्टाने एकच माणूस वापरतो, आणि तो समोर बसून डुरियान फळांचा भाव सांगत होता.

मी तिन्ही कागद काउंटरवर ठेवले. "एन्सिक, हे काय आहे?"

त्यांनी पाहिलं, मग बॉसकडे पाहिलं. बॉस कपाटाची काच पुसायला लागले, जी सकाळी पुसून झाली होती.

"छान नेम आहे," एन्सिक म्हणाले. "म्हाताऱ्यात दम आहे."

"भोकं बघा."

"मॅडम, भोकं कोण बघतं?"

"मी बघायला हवी होती. खाली सही माझी आहे."

एन्सिकनी कागद स्वतःकडे ओढले. मग हळू आवाजात म्हणाले, "माझ्याच पिस्तुलाने मारले. फक्त कागदावर त्याचा क्रमांक टाकला आणि वहीत एक ओळ. त्याचं पिस्तूल मी हातात घेतलेलं नाही. तेवढं मी करणार नाही."

"त्यांना माहीत आहे?"

"वेड लागलंय का? त्याला वाटतं वहीत काही नाही. तक्ता गेला की म्हणू, ऑफिसने काही विचारलं नाही, म्हणजे ठीक आहे. ऑफिस कधी काही विचारतं का?"

"आणि मी तक्त्याखाली सही करू?"

"तुम्ही तीनदा केली आहे. चौथी फक्त मोठ्या कागदावर."

बॉस काच पुसता पुसता म्हणाले, "मी याला सांगितलं होतं, चांगले छर्रे वापर. माझ्याकडून घेतले असते तर मॅडमना कळलंच नसतं."

एन्सिक हसले नाहीत. "माझी बायको गेली तेव्हा हा माणूस चार महिने रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसायचा. टीव्ही बघायचा. एक शब्द बोलला नाही. तमिळ मालिका, त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण त्याने चॅनेल बदलला नाही. आता त्याला फाटकाबाहेर ठेवायचं? त्याला यातलं काही सांगू नका. प्रॉमिस करा."

मी मान हलवली. त्यांनी ती होकारार्थी घेतली. मी नाही म्हणाले नव्हते, एवढं खरं.

मग मी हिशेब मांडून बघितला. तक्ता आहे तसा पाठवला, तर माझ्या सहीने खोटी नोंद जाते, आणि ज्या माणसासाठी ती केली, त्याला ती नकोच आहे. कागद काढून टाकले, तर ते का काढले हे ऑफिसला सांगावं लागेल. एन्सिकना आर्मरीच्या खिडकीवर पुन्हा कोणी बसू देणार नाही, कदाचित फाटकाच्या आतही घेणार नाही. फॉर्म पाठवला, तर एन्सिकना कळेल की काका जाणार हे मला आधीपासून माहीत होतं. या दोघांनी एकमेकांशी पाच मिनिटं बोलावं, एवढंच हवं होतं. आणि नेमकं तेच होऊ नये म्हणून दोघांनी मला धरून ठेवलं होतं, एकाने मराठीत, एकाने इंग्रजीत.

लोखंडी दार उघडून काका आत डोकावले. हातात पिस्तुलाची पेटी. "आज एक कागद लावतो," ते इंग्रजीत म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग माझ्याकडे वळून मराठीत, "चल. एकदा बघू."

एन्सिक अर्धवट उठले आणि परत बसले.

मी पाठीमागे उभी राहिले. दहा मीटरवर कागद. काकांनी चष्मा लावला, डावा हात खिशात घातला, पिस्तूल वर उचललं. टोक आधी हळू हललं, मग जास्त. त्यांनी ते खाली घेतलं. श्वास घेतला. पुन्हा उचललं, पुन्हा खाली घेतलं. शेजारच्या लेनमधली शाळकरी मुलगी एकामागून एक छर्रे मारत होती, तिच्याकडे न बघता मी तिच्या छर्ऱ्यांचे आवाज मोजत होते. काकांनी अकरा वेळा उचललं. मला वाटत होतं की कुठेही लागू दे, भिंतीला लागू दे, एक जरी सुटला तरी खरी नोंद होते. मी तसं बोललेही. "काका, नुसता सोडा. कागदाला नाही लागला तरी चालतं."

"मला नाही चालत," ते म्हणाले. "कुठे जाईल ते माहीत नसताना घोडा ओढायचा नसतो."

त्यांनी छर्रा काढला, पिस्तूल पुसलं आणि पेटी बंद केली. कागद कोरा परत आला.

दुकानात एक रीत आहे. रेंजवरून आलेल्याला कोणी "किती?" असं विचारत नाही. सांगायचं असेल तर तो सांगतो. काका स्टुलावर बसले. बॉसनी अर्धा कप चहा पुढे केला. एन्सिक म्हणाले, "पुढच्या आठवड्यात डुरियान आणतो, पण बाहेर बसून खाऊ, इथे वास राहतो."

"आण," काका म्हणाले.

मग दोघेही माझ्याकडे बघायला लागले. एन्सिकच्या नजरेत होतं: बघितलंत ना आता, लिहा. काकांच्या नजरेत होतं: बघितलंस ना आता, भर. मी वहीत डोकं घातलं आणि एक जुना स्तंभ पुन्हा आखला. एसीचं पाणी बादलीत टपकत होतं. बाहेर जायला दार एकच आणि त्याच्या वाटेत दोघांची स्टुलं.

बसस्टॉपवर काका माझ्याबरोबर आले. त्यांची बस आधी आली. पायरीवर चढताना त्यांनी डाव्या हाताने दांडा धरला आणि म्हणाले, "पुढच्या शनिवारी सही करतो. विसरू नकोस हं."

मी आजवर काही विसरलेले नाही. लोकांचे वाढदिवस, पासपोर्टच्या तारखा, नवऱ्याच्या गोळ्या, सगळं फ्रिजवर लावलेलं असतं आणि एकेक ओळ खोडली जाते. हे मात्र मी फ्रिजवर लावू शकले नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू सही करू नकोस. विषय संपला." मुलगी म्हणाली, "जस्ट रिझाइन, मम्मी." दोघांचंही बरोबर आहे. राजीनामा दिला तर तक्ता दुसरं कोणीतरी करेल, भोकं न बघता, आणि तेही माझंच काम झालं असं होईल.

आज गुरुवार, परवा काकांची सही. जेवणाच्या टेबलावर काकांचा फॉर्म आहे, सहीची जागा सोडून पूर्ण भरलेला. शेजारी वर्षाचा तक्ता, काकांच्या क्रमांकापुढची चौकट सोडून पूर्ण भरलेला. तीन फाटके कागद एका पाकिटात घातले आहेत. संध्याकाळपासून ठरवलं आहे की एन्सिकना फोन करायचा आणि सांगायचं: तुम्ही काकांकडे जा, त्यांच्या घरी, टीव्ही लावा, आणि जे केलं ते त्यांना स्वतः सांगा, त्यांनाही तुम्हाला काही सांगायचं आहे. यात काकांना दिलेला शब्द अर्धा मोडतो. पूर्ण मोडण्यापेक्षा बरा, असं मी मला समजावलं आहे. नंबर काढून ठेवला आहे. काय बोलायचं ते चार ओळींत लिहून ठेवलं आहे.

फोन अजून केलेला नाही.